कॅटनिप दिलं तरी मांजर ढिम्म, किंवा उलट अंगावर येतंय? हे क्रमाने तपासा

मी ठाण्यात रेस्क्यूची मांजरं सांभाळते, बरी करते आणि चांगली घरं बघून देते. त्या घरांतून वर्षभर मेसेज येत राहतात आणि त्यात कॅटनिपचा, म्हणजे ज्याच्या वासाने मांजरं लोळतात त्या पाल्याचा, प्रश्न इतक्या वेळा येतो की आता एकदाच सगळं नीट लिहून ठेवतेय. बहुतेक वेळा उपाय फुकटातला असतो. पण काही वेळा लोक ज्याला कॅटनिपचा परिणाम समजतात तो आजार निघतो, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

आधी लक्षणं, म्हणजे तुमची तक्रार कुठली ते कळेल.

- पाकीट फोडून समोर ठेवलं, मांजराने एकदा हुंगलं आणि निघून गेलं.
- पहिल्या दिवशी धमाल लोळलं, दुसऱ्या दिवसापासून त्याच खेळण्याकडे बघतही नाही.
- घरात दोन मांजरं, एक लोळतंय आणि दुसरं शांत बसून बघतंय.
- लोळता लोळता हात धरला आणि कडकडून चावलं, किंवा दुसऱ्या मांजरावर धावून गेलं.
- भरपूर लाळ गळली, नंतर उलटी झाली.
- घरात कॅटनिप नाहीच आणि तरी मांजर जमिनीवर लोळतंय, ओरडतंय.

शेवटची तक्रार असेल तर मधलं सगळं सोडा आणि थेट खाली "कॅटनिप न देता लोळतंय" इथे जा.

नॉर्मल काय असतं

मांजर आधी हुंगतं, मग चाटतं, थोडं चावतं, डोकं झटकतं, गाल आणि हनुवटी घासतं आणि मग आडवं पडून लोळायला लागतं. खेळणं पुढच्या पायांत धरून मागच्या पायांनी धडाधड लाथा मारणं, थोडी लाळ गळणं, मध्येच घरभर एक चक्कर पळणं, हे सगळं ठीक आहे. साधारण ५ ते १५ मिनिटं हे चालतं आणि मग मांजर उठून अंग चाटत बसतं किंवा झोपून जातं. त्यानंतर अर्धा तास ते दोन तास त्याच्यावर कॅटनिपचा काहीही परिणाम होत नाही, कितीही नाकाखाली धरलंत तरी.

कॅटनिप हे पुदिना-तुळशीच्या कुळातलं झाड, मूळचं युरोप आणि आशियातलं. त्याच्या पानात नेपेटालॅक्टोन नावाचं तेलकट, पटकन उडून जाणारं द्रव्य असतं, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात १९४१ मध्ये ते वेगळं काढलं गेलं. ते नाकातून काम करतं, पोटातून नाही, हे पक्कं लक्षात ठेवा कारण खालच्या अर्ध्या तपासण्या यावरच उभ्या आहेत. वास नाकात पोचला की मांजराच्या शरीरात बीटा-एंडॉर्फिन वाढतं, म्हणजे शरीर स्वतःच तयार करतं ते सुखाचं रसायन. जपानमधल्या इवाते विद्यापीठाच्या टीमने २०२१ मध्ये हे दाखवलं, त्यांनी मांजरांना ते रसायन अडवणारं औषध आधी दिलं तर मांजरं घासायची आणि लोळायची थांबली. त्यामुळे "याची सवय लागेल का, व्यसन लागेल का" असं जे विचारतात त्यांना सांगते, नाही लागत. मांजर वास गेला की विसरतं, कॅटनिप नाही म्हणून त्याला काही त्रास होत नाही.

तपासणी १: ते कॅटनिपच आहे ना?

यात एक पैसाही लागत नाही, फक्त लेबल वाचायचं. कॅट ग्रास आणि कॅटनिप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॅट ग्रास म्हणजे गहू, ओट्स, बार्ली यांचे कोवळे अंकुर, मांजरं ते चावून खातात आणि त्यावर लोळत वगैरे नाहीत. ऑनलाइन दोन्ही शेजारी शेजारी दिसतात, नावं सारखी, डब्यावर मांजराचा फोटो तोच, आणि लोक कॅट ग्रासचं बी मागवतात, आठ दिवस पाणी घालतात आणि मग मला विचारतात की ताई, हा लोळत का नाही. तो लोळणार नाही, गवत खाईल आणि जाईल.

आणि घरातला पुदिना देऊ नका. कुळ एक असलं तरी पुदिन्यात नेपेटालॅक्टोन नसतं, आणि जास्त खाल्ला तर मांजराचं पोट बिघडतं.

तपासणी २: चुरगाळून वास घ्या

माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत सगळ्यात जास्त वेळा दोष इथेच सापडतो, म्हणून यावर थोडं जास्त लिहिते.

चिमूटभर कॅटनिप तळहातावर घ्या, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने जोरात चोळा आणि स्वतः वास घ्या. पुदिन्याच्या जवळपासचा, जरा उग्र, गवताळ असा वास यायला हवा. नुसता वाळक्या पाल्याचा वास आला, किंवा काहीच आला नाही, तर माल मेलेला आहे. रंग बघा, हिरवट राखाडी हवा, तपकिरी झालेला असेल तर जुना आहे. काड्या किती आणि पानं-फुलं किती तेही बघा, कारण दम पानाफुलांत असतो आणि स्वस्त पाकिटांत काड्याच भरलेल्या असतात.

का मरतं ते, तर ते द्रव्य उडून जाणारं आहे. गोदामात, कुरिअरच्या गाडीत, दुकानाच्या काचेमागे उन्हात पडून पडून ते उडून जातं, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये बंद गाडीत किती तापतं ते सांगायला नको. कापडी उंदीर, मासा वगैरे खेळण्यांच्या आत भरलेलं कॅटनिप तर बहुतेकदा आपल्या हातात येईपर्यंतच संपलेलं असतं. पावसाळ्यात दुसरा त्रास, दमट हवेने पाल्याला बुरशी धरते. पांढरे तंतू, काळे ठिपके किंवा कुबट वास असेल तर सरळ फेकून द्या, मांजराच्या नाकाजवळ बुरशी नेऊ नका.

चोळणं हा इलाजाचाच भाग आहे. पान अखंड असताना वास आत अडकलेला असतो, चुरडलं की बाहेर पडतो. मांजर स्वतः पानं चावतं तेही याचसाठी, त्याच जपानी टीमने पुढे दाखवलं की चावून खराब केलेल्या पानांतून कितीतरी जास्त वास सुटतो आणि तो अंगाला लागला की डास कमी बसतात. अंगाला घासण्यामागे हे कारण आहे. (मला ही माहिती कळली तेव्हापासून लोळणाऱ्या मांजराकडे बघण्याची माझी नजरच बदलली. म्हणून कॅटनिप हे डासांचं औषध समजून वापरू नका मात्र.)

चांगला माल मिळाला की काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत भरा आणि फ्रीझरमध्ये ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीला रबर लावून ओट्यावर ठेवलेलं कॅटनिप महिन्या दोन महिन्यांत निकामी होतं. आणि जुनं खेळणं फेकायची गरज नाही, त्याच बरणीत चमचाभर ताज्या कॅटनिपबरोबर दोन-तीन दिवस कोंडून ठेवा, पुन्हा चालतं.

स्प्रेबद्दल विचारतात. काही चालतात, काही नुसतं सुगंधी पाणी असतं, मी पाला घ्या म्हणते. इसेन्शियल ऑइल मात्र अजिबात नको. ते फार तीव्र असतं, मांजर ते अंगावरून चाटून पोटात घेतं, आणि मांजराचं लिव्हर अशी बरीच द्रव्यं आपल्यासारखी निपटू शकत नाही.

तपासणी ३: किती वेळा देताय?

"पहिल्या दिवशी चाललं, आता नाही" या तक्रारीचं उत्तर नव्वद टक्के इथे असतं. खेळणं दिवसरात्र हॉलमध्ये पडलेलं असतं, मांजर येताजाता हुंगतं, आणि मग त्याला त्याचं काहीच वाटेनासं होतं, शिवाय उघड्यावर वासही उडतो. खेळणं उचला, बरणीत टाका, चार-पाच दिवस अजिबात काढू नका. मग काढा. मी आठवड्यातून दोनदा, फार तर तीनदा म्हणते, आणि एका वेळी चिमूटभर ते अर्धा चमचा. पंधरा मिनिटं झाली की उचलून परत बरणीत.

आणि एकदा लोळून झालं की लगेच दुसरा डोस देऊन "बघूया" करू नका. वर सांगितलं तसा मधला काळ असतोच, त्यात तुम्ही आणखी ओतलंत तर मांजर कंटाळून ते खात बसेल आणि उलटी करेल.

तपासणी ४: जागा आणि वेळ

घाबरलेलं मांजर लोळत नाही. लोळणं म्हणजे पोट उघडं टाकणं, आणि जिथे धोका वाटतो तिथे कुठलं जनावर पोट उघडं टाकेल? नवीन घरात आलेलं मांजर, नुकतंच डॉक्टरकडून आलेलं, घरात पाहुणे, शेजारी ड्रिल चालू, गणपतीत खाली ढोल, दिवाळीत फटाके, अशा वेळी कॅटनिप देऊन काही होत नाही. त्याच्या सवयीच्या खोलीत, दार लोटून, टीव्ही बंद करून द्या आणि तुम्ही लांब बसा. मोबाईल घेऊन चार जण भोवती उभे राहिलात तर मांजर कॅटनिपकडे नाही, तुमच्याकडे बघणार. नवीन मांजराला मी पहिले दोन-तीन आठवडे कॅटनिप द्यायलाच सांगत नाही, आधी त्याला घर आपलं वाटू द्या.

तपासणी ५: वय

३ महिन्यांखालच्या पिल्लाला कॅटनिपचं काही वाटत नाही, काही तर उलट त्यापासून लांब जातात. साधारण ३ ते ६ महिन्यांच्या दरम्यान प्रतिसाद सुरू होतो, काहींना थोडा उशिरा. पिल्लाने दुर्लक्ष केलं तर पाकीट फ्रीझरमध्ये टाका आणि सहा महिन्यांचं झालं की पुन्हा बघा. वय झालेल्या मांजरांचा जोरही कमी होतो, म्हातारी मांजरी धडपडून लोळणार नाही, गाल घासेल आणि तिथेच बसेल, तिला तेवढं पुरतं.

यातच एक गोष्ट बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटते. सगळी मांजरं लोळून दाखवत नाहीत. २०१७ च्या एका अभ्यासात काही मांजरांचा प्रतिसाद शांत असतो असं दिसलं, म्हणजे पुढचे पाय समोर ठेवून मान वर करून स्तब्ध बसणं, आवाज कमी होणं, हालचाल कमी होणं. तुमचं मांजर कॅटनिपशेजारी असं दहा मिनिटं बसून राहत असेल तर त्याला परिणाम झालाय. त्याला ढोसू नका.

तपासणी ६: नाक चालू आहे का?

हे फार कमी लोक बघतात. कॅटनिप नाकातून काम करतं म्हटल्यावर नाक चोंदलं तर काम कसं होणार? रस्त्यावरून आलेल्या मांजरांना सर्दीचा जुना त्रास असतो, हर्पिस आणि कॅलिसी व्हायरसमुळे होणारा, आणि पावसाळ्यात किंवा ताण आला की तो उफाळतो. घरगुती टेस्ट सोपी आहे. सुकट किंवा बोंबील तव्यावर जरा गरम करा, वाटीत झाकून मांजराच्या मागून आणा आणि त्याला न दाखवता झाकण काढा. मासे खाणाऱ्या घरातलं मांजर मान वळवणार नाही असं होत नाही. (फक्त वासासाठी हं, खारवलेली सुकट खायला घालू नका, मीठ फार असतं.) मान वळली नाही, नाकातून पाणी किंवा पू येतोय, शिंका आहेत, डोळे चिकटलेत, जेवण कमी झालंय, तर कॅटनिपचा विषय बंद करा आणि डॉक्टरकडे जा. मांजर वास आला नाही तर जेवत नाही, आणि पूर्ण दिवसभर न जेवलेलं मांजर, त्यातून जाडं असेल तर, लिव्हरच्या गंभीर आजाराकडे जाऊ शकतं. इथे थांबून वाट बघू नका.

तपासणी ७: ताजं झाड

इथपर्यंत सगळं ठीक आणि तरी मांजर ढिम्म, तर आता थोडे पैसे आणि बरेच दिवस लागतील. बी मागवा आणि कुंडीत लावा. बी बारीक असतं, फार खोल पुरू नका, वर मातीचा पातळ थर पुरे. माती निचऱ्याची हवी, सकाळचं ऊन हवं, दुपारचं आपल्याकडचं ऊन त्याला सोसत नाही. हे थंड हवेचं झाड आहे, त्यामुळे ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावलेलं छान येतं, पुणे-नाशिककडे आणखी छान, मुंबई-ठाण्यात जुलैच्या पावसात मुळं कुजून जातं, तेव्हा कुंडी छपराखाली घ्या. रोप लहान असताना वरून जाळी किंवा जुनी टोपली उपडी ठेवा, नाहीतर मांजर कुंडीतच बसतं आणि रोप संपतं. दोन-चार पानं तोडून, चुरडून द्या. वाळक्या पाल्याला न जागलेली काही मांजरं ताज्या पानाला जागतात.

तपासणी ८: दुसरी झाडं

२०१७ मध्ये १०० मांजरांवर झालेल्या एका तपासणीत साधारण तीनपैकी दोन मांजरांनी कॅटनिपला प्रतिसाद दिला, आणि सिल्व्हर व्हाइनला मात्र १० पैकी जवळपास ८ मांजरांनी. त्याहून कामाची गोष्ट म्हणजे कॅटनिपला न जागलेल्या मांजरांपैकी जवळपास तीन चतुर्थांश सिल्व्हर व्हाइनला जागली. सिल्व्हर व्हाइन म्हणजे जपान-चीनच्या डोंगरातली वेल, जपानी लोक मातातबी म्हणतात, तिच्या काड्या आणि पावडर आता आपल्याकडेही ऑनलाइन मिळते. काडी दिली तर समोर बसा आणि चावून बारीक झाली की काढून घ्या, तुकडा घशात अडकतो.

आणि आपल्या मातीतलं एक झाड आहे ज्याकडे कुणी बघत नाही. कुप्पी, काही जण खोकली म्हणतात, पावसाळ्यात भिंतीच्या कडेला, कंपाऊंडच्या मोकळ्या जागेत आपोआप उगवतं, तण म्हणून उपटून टाकतात. तुम्ही कुंडी साफ करताना ते उपटलंत आणि सोसायटीतलं मांजर धावत येऊन मुळावर लोळायला लागलं असं कधी झालं असेल तर ते हेच. पानात काही नाही, ताज्या उपटलेल्या मुळात आहे, नेपेटालॅक्टोनच्याच जवळच्या द्रव्यामुळे. झाड ओळखता येत असेल तरच, औषध न फवारलेल्या जागेतलं, मूळ स्वच्छ धुऊन, दोन-चार मिनिटं हुंगायला द्या आणि उचला, खाऊ देऊ नका. ओळखता येत नसेल तर राहू द्या, भलतंच मूळ मांजराला देण्यापेक्षा सिल्व्हर व्हाइनचे पैसे गेलेले बरे.

तपासणी ९: रक्तातच नसेल तर

हेही करून काही झालं नाही तर तुमच्या मांजराच्या रक्तात ते नाही, संपलं. नील टॉड या संशोधकांनी १९६२ मध्ये हा गुण आईबापांकडून येतो असं दाखवलं, नंतरच्या संशोधनानुसार त्यात एकाहून जास्त जनुकं असावीत. सख्ख्या भावंडांतही एक लोळतं आणि दुसरं नाही. सिंह आणि जॅग्वार लोळतात, वाघ बहुतेक लोळत नाहीत, आणि वाघात काही कमी आहे असं कुणी म्हणत नाही. एका काकूंनी मला अगदी रडवेल्या आवाजात फोन केला होता, "अगं, माझ्या बोक्याला काहीतरी झालंय, त्याला कशाचाच आनंद होत नाही." बोका खात होता, पिसाच्या काठीमागे उड्या मारत होता, रात्री त्यांच्या पायाशी झोपत होता. त्याला सगळ्याचा आनंद होत होता, फक्त कॅटनिपचा वास त्याच्यासाठी साधा पाला होता. अशा मांजराला रोज दोनदा दहा मिनिटं दोरीची किंवा पिसाची काठी घेऊन खेळवा, कॅटनिपपेक्षा ते त्याच्या जास्त कामाचं आहे. खेळून झालं की दोरी कपाटात ठेवा, समोर पडलेली दोरी मांजर गिळतं.

चावतंय, भांडतंय

हा उलटा त्रास. कॅटनिपने उत्तेजना वाढते आणि ती कुठेतरी बाहेर पडायला बघते. लोळणाऱ्या मांजराच्या पोटाला हात लावला तर ते तुमचा हात शिकार म्हणून धरणार, मागच्या पायांनी ओरबाडणार, यात राग नसतो. तेव्हा पहिला आणि फुकटचा उपाय, लोळत असताना हात लावायचा नाही, लहान मुलांना तर त्या खोलीतच येऊ द्यायचं नाही. दुसरा, जुन्या मोज्यात कापूस आणि कॅटनिप भरून, पक्की गाठ मारून लांबट खेळणं करा, त्याला धरून ते हव्या तितक्या लाथा मारेल.

दोन मांजरं असतील तर वेगवेगळ्या खोल्यांत, वेगवेगळी खेळणी द्या आणि दोघं शांत झाल्यावर अर्ध्या तासाने दार उघडा. खिडकीबाहेर दुसरं मांजर येऊन बसत असेल तर तो पडदा आधी लावा, बाहेरच्यावरचा राग घरातल्यावर निघतो आणि मग दोघांची मैत्री आठवडेच्या आठवडे तुटलेली राहते. नसबंदी न झालेला बोका असेल तर आधी ती करून घ्या, मग कॅटनिप. आणि हे सगळं करूनही दर वेळी तुमचं मांजर धावून जात असेल तर त्याला कॅटनिप देणं कायमचं बंद करा. मांजर चावलं आणि रक्त आलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजच्या लसीचं विचारा, घरातलं मांजर आहे म्हणून टाळू नका. मांजराच्या चाव्याची जखम दिसायला बारीक असते पण आत खोल जाते आणि पिकते.

गाभण मांजरीला कॅटनिप नको. फिट येणाऱ्या मांजराला डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

कॅटनिप न देता लोळतंय

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इथे वेळ गेला तर जीव जातो.

मांजरी असेल, नसबंदी झालेली नसेल, चार-पाच महिन्यांच्या पुढची असेल आणि जमिनीवर लोळतेय, केविलवाणं ओरडतेय, पाठीवर हात ठेवला की मागचा भाग वर करून शेपूट बाजूला घेतेय, तर ती माजावर आलीये. साधारण आठवडाभर चालतं आणि बोका मिळाला नाही तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा येतं. दुखत नाहीये, पण खिडक्या-दारं बंद ठेवा, ती पळून जाईल. इलाज एकच, नसबंदी, डॉक्टरांकडून तारीख घ्या.

बोका असेल आणि लोळतोय, पुन्हा पुन्हा लिटरमध्ये (शी-शूच्या ट्रेमध्ये) जाऊन बसतोय, कुंथतोय, खालची जागा सारखी चाटतोय, ओरडतोय आणि लघवी होत नाहीये किंवा दोन थेंब होतेय, तर ताबडतोब निघा. लघवीची नळी बंद झालेली असू शकते आणि एक-दोन दिवसांत बोका दगावतो. रात्र असली तरी सकाळची वाट बघू नका. लोक याला बद्धकोष्ठ समजून एरंडेल पाजतात, कृपा करून तसं करू नका.

अंग थरथरतंय, स्नायू फडफडताहेत, तोल जातोय, तर गेल्या एक-दोन दिवसांत काय लावलंत ते आठवा. कुत्र्यांसाठीचं पिसवा-गोचिडांचं औषध, ज्यात परमेथ्रिन असतं, ते मांजराला लावलं तर मांजर मरू शकतं, आणि नुकतंच औषध लावलेल्या कुत्र्याला चिकटून झोपलं तरी विषबाधा होते. कॅटनिपने मांजर थरथरत नाही. हे विष आहे असं समजून निघा.

आजीच्या गुडघ्याला दुखऱ्या सांध्याचं बाम लावलेलं असतं आणि मांजर तिथे डोकं घासायला जातं, किंवा फिनाईलने पुसलेल्या ओल्या फरशीवर लोळतं, ते बघून घरचे हसतात. दोन्हीपासून मांजराला लांब ठेवा. बाममधलं सॅलिसिलेट आणि फिनाईलमधले फिनॉल मांजराच्या लिव्हरला झेपत नाहीत आणि ते अंगाला लागलेलं सगळं चाटून पोटात घेतं. फरशी साध्या पाण्याने पुन्हा पुसा, वाळल्यावर मांजराला सोडा. अंगाला लागलंच असेल तर कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुऊन काढा आणि डॉक्टरांना फोन करा.

कधी थांबायचं

वरची कुठलीही घरगुती तपासणी यापैकी काही दिसलं की सोडून द्या आणि डॉक्टरकडे जा:

कॅटनिप उचलून तास झाला तरी लाळ, झिंग किंवा अस्वस्थपणा तसाच आहे. एकापेक्षा जास्त वेळा उलटी झाली, किंवा जुलाब दुसऱ्या दिवशीही चालू आहेत (एकच उलटी आणि मग मांजर नेहमीसारखं असेल तर ते पाला जास्त खाल्ल्याचं असतं, पाणी ठेवा, कॅटनिप बंद करा, लक्ष ठेवा). फिट आली. श्वास तोंड उघडून घेतंय. खेळण्याचा दोरा, लोकर, रिबन गिळली, आणि इथे एक विनंती, तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तरी ओढू नका, तो आत आतड्यात अडकलेला असतो आणि ओढला की आतडं कापतं. तसंच ठेवून घेऊन जा.

निघताना कॅटनिपचं किंवा जे काही लावलं-खाल्लं असेल त्याचं पाकीट सोबत घ्या आणि मांजराचा एक मिनिटाचा व्हिडिओ काढा, कारण टेबलावर गेल्यावर मांजरं भीतीने गप्प होतात आणि घरी जे चाललं होतं ते डॉक्टरांना दिसतच नाही. व्हिडिओत तोंड, चाल आणि मागचे पाय दिसू द्या. नेहमीच्या डॉक्टरांचा नंबर आणि रात्री चालू असणाऱ्या जवळच्या दवाखान्याचा नंबर, दोन्ही आजच फोनमध्ये सेव्ह करा. मुंबईत असाल तर परळचं बैल-घोडा हॉस्पिटल आहे, निघण्याआधी फोन करून आत्ता मांजर बघतील का ते विचारा आणि फोनवर पहिल्याच वाक्यात सांगा, बोका आहे की मांजरी, लघवी शेवटची कधी झाली, आणि पोटात किंवा अंगाला काय गेलंय.